बायकोच्या नावाची भिंत

स्टुडिओतल्या त्या भिंतीकडे फोटोग्राफर आता ढुंकूनही बघत नाही. एके काळी तिच्यावर त्याचा भारी जीव होता. बायकोचं नाव कुठे दिसलं की हा कॅमेरा घेऊन हजर! त्या नावाची बेकरी, त्या नावाची गल्ली, त्या नावाची दात पडलेली शाळकरी पोर, सगळ्यांचे फोटो त्याने हौसेने टांगले होते. तेही कृष्णधवल, कारण रंगीत फोटोचं त्याला वावडं. लोक बायकोवेडा म्हणून हसायचे आणि हा आणखीच फुगायचा.

एकदा एका दूरच्या बंदरावर त्याला त्याच नावाची होडी दिसली.

"कुणाचं हो हे नाव?" त्याने होडीवाल्याला विचारलं.

"होती एक," होडीवाला नजर चुकवत म्हणाला. याने वर त्याची पाठ थोपटली!

घरी बायकोने तो फोटो हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही.

"निळा रंग अजून तसाच ठेवलाय म्हणायचा," ती बोलून गेली.

फोटोत निळं काहीच नव्हतं. आणि आपण समुद्र कधी पाहिलाच नाही, असं ती लग्नापासून सांगत आली होती.