सहस्रकुंडाला चौघंच

साठच्या दशकात मी पुसदला शाळेत शिकवायचे. दसऱ्याच्या सुट्टीत अमरावतीहून ताई आली आणि पिशवी ठेवायच्या आत म्हणाली, "उद्या सहस्रकुंडाचा धबधबा दाखव. परवा मला निघायचंय."

पहाटेच्या एस.टी.नं उमरखेड गाठलं. तिथे चहा-भजी आणि पुढची गाडी. आता रस्ता झालाय; तेव्हा फाट्यावर उतरून बैलगाडीच करावी लागे. सुदामभाऊ आणि गिरजाबाई हे नवरा-बायको पाहुण्यांना धबधब्यावर नेत, जेवणही घरचंच देत. आम्ही पोचलो तेव्हा गाडीत चौघं बसलेले होते.

"आम्ही दोघीच आहोत, सरकून बसतो," ताई म्हणाली.

"नाही जमत बाई. चौघंच नेतो मी. तुमाले उद्या नेतो."

"काहून पण? दुप्पट भाडं घ्या."

"मांगं आठ जन नेलते. कोनाले धड बसता आलं नाही, कोनाले धड पानी पायता आलं नाही. घरी जाऊन काय सांगतीन, धक्के खाल्ले?"

ताई चिडली, पण त्यांच्याच घरी मुक्काम केला. भिंतीवर बुद्धाची नवी तसबीर, समोर गरम भाकर अन् अंबाडीची भाजी. तेवढ्यात उमरखेडचा एक व्यापारी आला. दर रविवारी तीस माणसं पाठवतो म्हणाला. सुदामभाऊंनी हात जोडून नाही म्हटलं. तो जाताच गिरजाबाई तडकल्या, "छप्पर गळून राह्यलं, अन् तुमी गिऱ्हाईक वापस धाडता!"

"तीस जनाईले अशी तव्यावरची भाकर देशीन का तू?"

त्या फणकाऱ्यानं चुलीकडे वळल्या. भाकर मात्र फुगलेलीच वाढली.

दुसऱ्या दिवशी सागाच्या जंगलातून रमतगमत गेलो. सुदामभाऊंनी आम्हाला एका सपाट खडकावर बसवलं, बैल सोडले आणि स्वतः लांब जाऊन बसले. समोर पैनगंगा काळ्या कातळावरून कोसळत होती. देवळातही पाच मिनिटांत चपला घालणारी ताई उन्हं कलेपर्यंत हलली नाही.

"भाऊ, उशीर होतोय का?" मीच विचारलं.

"बसा नं. आज तुमीच हाय."

ताई एक दिवस उशिरा अमरावतीला गेली. पुढे तिनं मैत्रिणी पाठवल्या, चौघी-चौघी. व्यापाऱ्याला दुसरे गाडीवाले मिळाले. सुदामभाऊंचं छप्पर आणखी काही पावसाळे गळलं, आणि गिरजाबाईंनी ते त्यांना दरवेळी ऐकवलं. त्यांचंही चुकत नव्हतं.

नंतर मी पुष्कळ धबधबे पाहिले. बहुतेकांची आठवण काढली की आधी परत बोलावणारा मोटारीचा भोंगा ऐकू येतो. सहस्रकुंडाचं मात्र पाणीच ऐकू येतं.