मुठीतला गंज

आमच्या ओसाफुनेतला ताकुजी निशिवाकी तातामीच्या चटया विणायचा, पण त्याचा सगळा जीव एका जुन्या तलवारीत होता. बायको फुसाए म्हणायची, "तिच्याशीच लग्न लावायचं होतंत की!" तलवार अस्सल आहे, एवढं पारख्याच्या तोंडून ऐकायची त्याची आस होती.

अखेर तलवारींचे नावाजलेले पारखी हातादा गुरुजी घरी आले. थुंकी उडून पातं गंजू नये, म्हणून उघड्या तलवारीपुढे ते कधी अवाक्षर काढत नसत. पण त्यांनी मूठ सोडवली आणि ते ओरडलेच, "अरे, हे काय करून ठेवलंस?"

मुठीत दडणारा पात्याचा भाग नव्या ताटासारखा लखलखत होता. ज्यावरून तलवारीचं वय ठरवायचं, तो पिढ्यान्‌पिढ्यांचा काळा गंज साफ गेला होता. कारागिराचं कोरलेलं नावही पुसट झालं होतं.

फुसाए दारातच थिजली. "गुरुजी येणार म्हणून सकाळी मीच मूठ काढून पातं घासलं हो. म्हटलं, तुमच्या लाडकीला कुणी घाणेरडी म्हणायला नको."

"तलवार अस्सल असेलही," गुरुजी हळूच म्हणाले, "पण आता मी ते कशावरून सांगू?"

 ताकुजी फुसाएच्या हातांकडे बघत राहिला. तिच्या नखांत तो काळा गंज अजून होता.