दोन बोटं वर

पन्नाशी ओलांडली तरी घरात तिला बारकीच म्हणत. थोरल्या भावाचं, वडिलांपासून चालत आलेलं खेळण्यांचं दुकान होतं आणि दुकानामागच्या खोलीत बारकी बावीस वर्षं हलक्या लाकडाची उडती विमानं जोडत होती. खोलीला सरसाचा कुबट वास. कोपऱ्यात दादाचा चहाचा कप, त्यात फुगलेली विडीची थोटकं. ती उचलताना तिला शिसारी यायची.

दर आठवड्याला मोडकी विमानं परत येत. नाक फुटलेलं, पंखाचं टोक चेचलेलं. वाऱ्यानं विमान एकदा कललं की कललेलंच घसरत जाई आणि जमिनीवर आदळे.

एका दुपारी तिनं पंख मधोमध कापला. कापलेल्या कडा कानशीनं तिरक्या घासल्या, दोन्ही टोकांखाली दोन-दोन बोटं उंचीचे ठोकळे ठेवले आणि पंख पसरट द्रोणासारखा चिकटवला. वाळल्यावर तो विमानाला बसवला आणि मैदानात जाऊन विमान सोडलं. वारा आला, विमान कललं, आणि खाली गेलेला पंख आपोआप वर आला. पुढं गवतात अलगद टेकलं.

ती धापा टाकत दुकानात आली. "दादा, आता पडत नाही बघ! सगळे पंख असेच जोडू."

दादानं मानही वर केली नाही. "पडलं नाही तर सुटे पंख घेणार कोण?"

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"बाबांनाही होतं, बारके. पडतं म्हणून तर गिऱ्हाईक परत येतं."

बारकी नळाशी गेली आणि चूळ भरत राहिली. 'तुमचाच हात जोरात गेला असेल,' हे वाक्य तिनं बावीस वर्षं मोडकं विमान घेऊन येणाऱ्यांना ऐकवलं होतं. तिला दादाइतकीच स्वतःचीही किळस आली.

त्यानंतर दुरुस्तीला आलेला प्रत्येक पंख ती गुपचूप तसाच दोन बोटं वर जोडून देऊ लागली. चार महिन्यांत दादाच्या लक्षात आलं.

"माझ्याच ताटात माती कालवतेस?"

"कालवलीस तू. मी नुसती वाढत होते, तेच चुकलं."

करवत आणि कानस पिशवीत टाकून ती निघाली. तसबिरींच्या चौकटी बनवणाऱ्याकडे तिला काम मिळालं.

वर्षभरानं ती त्या रस्त्यानं जात होती. दुकानाच्या काचेत पाटी दिसली : 'न पडणारं विमान! दादांचा खास शोध.' तिनं मान फिरवली. तरी पाय थांबले. पाटीखालच्या विमानाचा उजवा पंख दोन बोटं वर, डावा जेमतेम एक. हे तर गोल फिरत आपटणार! दादानं मुद्दाम केलं की आळसानं, हे जाणून घ्यायचीही तिला इच्छा उरली नव्हती.

वहिनी दारात आली. "आत ये ना. किती दिवसांनी दिसतेस!"

"नको, वहिनी. डावा पंख खाली आहे, एवढं सांग त्याला."

"तूच सांग की. आतच बसलेत."

"त्याच्याशी बोलायचं म्हटलं तरी मळमळतं गं," असं म्हणून बारकी कामाला निघून गेली.