पत्रिकेवरच्या चौकटी

प्रेसमध्ये किस्से कागदाच्या कातरणासारखे जमतात. कितीही झाडा, कोपऱ्यात उरतातच. मी काही शाळेत गेलो नाही. सून लिहून घेते, म्हणून सांगतो.

चिखलीत आमची लग्नपत्रिकांची प्रेस. मालक दोघे भाऊ, मी छपाईच्या मशीनवर. कम्प्युटर आला एकच, पण मराठी टाइप करायचं सॉफ्टवेअर दोघांनी आपापलं टाकलं. सख्खे भाऊ ते, एकाचं दुसऱ्याला कसं चालेल! दोन्ही सोबत चालू झाली, की पडद्यावर अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी.

पहिल्यांदा चौकटी आल्या तेव्हा थोरले म्हणाले, "बाबूराव, पाहा बरं, वाचता येते का काही?"

मी म्हटलं, "मालक, मले तं रोजच असं दिसते!"

*

मलकापूरहून दुरुस्तीवाला बोलावला. तासभर पाहून म्हणाला, "दोन्ही चांगले हायेत. पण एक काढा."

थोरले म्हणाले, "त्याचं काढ." धाकटे म्हणाले, "त्याचं काढ."

तो चहा पिऊन निघून गेला. शहाणा माणूस!

*

मग तोडगा निघाला. सकाळी थोरल्यांचं सॉफ्टवेअर, दुपारून धाकट्यांचं. सकाळची पत्रिका दुपारी उघडली, की पुन्हा चौकटी.

धाकटे छाती फुगवून म्हणाले, "पाह्यलं? त्याचंच खराब हाये!"

*

धाड गावचे नामदेवराव आले. पोरीचं लग्न आठ दिवसांवर, पत्रिका घेतल्याशिवाय उठेनात. सकाळी टाइप झालं होतं. दुपारी दोघे मालक मागच्या खोलीत भांडून राह्यले होते. मग मीच छापल्या. माझी तपासणी एवढीच, गणपती सुलटा म्हणजे पत्रिका सुलटी.

नामदेवरावही माझ्याच शाळेतले. त्यांनी गणपतीला हात जोडले, गठ्ठा काखेत मारला आणि बस धरली.

मागून धाकट्यांनी उरलेली पत्रिका उचलली. वर गणपती, खाली सगळ्या चौकटी! नवरी चौकट, नवरदेव चौकट, तारीखही चौकट!

त्या दिवशी दोघा भावांचं पहिल्यांदा एकमत झालं. "बाबूराव, हे तुम्ही केलं!"

पोरीच्या लग्नाला कोणी आलंच नाही तर? लग्नाच्या दिवशी भीत भीत धाड गाठलं. पाहतो तर मांडव गच्च! नामदेवरावांनी दारोदार अक्षता देऊन तोंडी सांगितलं होतं.

फक्त नवरीचे मामा मांडवाबाहेर रुसून बसलेले, हातात पत्रिका.

"तुम्हीच ना प्रेसवाले?" मामांनी खालच्या एका चौकटीवर बोट ठेवलं. "माहं नाव काकाच्या खाली काऊन छापलं?"