अठ्ठावीस मिनिटांची आंघोळ

माझा मेहुणा सागर स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं संपेपर्यंत अकरा वेळा शिंकला आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

मी नाशिकला इंदिरानगरात राहतो, दहावीला विज्ञान शिकवतो. सासुरवाडी निफाडजवळ, द्राक्षाच्या मळ्यात. लग्न ऐन थंडीतलं. (निफाडची थंडी ज्याला ठाऊक नाही त्याने इथे खुशाल हसावं.) सकाळी सागरला हळद लावून अंगणात पाटावर बसवलेलं, अंगात फक्त बनियन. त्याची आंघोळ उरकली की नऊला वऱ्हाड निघणार होतं. सासूबाईंनी पाण्याचा बंब पेटवला होता. तो धूर बघून माझ्यातला मास्तर जागा झाला. मी जाहीर केलं की बंब विझवा, मी पाणी तापवायचा रॉड आणलाय.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "पेटलाय तर राहू द्या की जावईबापू. पोरगं गारठलंय."

पण मी कसला ऐकतोय! मीच बंबातल्या जाळावर दोन तांबे पाणी ओतलं आणि आहेराच्या पाकिटावर सगळ्यांदेखत गणित मांडलं. दोनशे तीस व्होल्ट, साडेसहा अँपिअर, म्हणजे रोध पस्तीस ओहम आणि शक्ती पंधराशे वॅट. वीस लिटर पाणी दहा अंशांवरून चाळीसवर न्यायला बरोबर अठ्ठावीस मिनिटं. सगळ्यांनी माना डोलावल्या. (समजलं कुणालाच नव्हतं. जावयापुढे मान डोलवायचीच असते.)

रॉड बादलीत सोडला. सासूबाई बोट घालून बघायला आल्या, तर करंट लागेल म्हणून त्यांना हाकललं. सागर कुडकुडत "दाजी, दाजी" करत होता. त्याला दर पाच मिनिटांनी मी उरलेली मिनिटं सांगत होतो. अठ्ठाविसाव्या मिनिटाला बटण बंद केलं, रॉड काढला आणि पाण्याला बोटही न लावता (गणित बरोबर असताना बोट कशाला?) पहिला तांब्या मीच मानाने त्याच्या डोक्यावर ओतला.

सागर ओरडला नाही. त्याची दातखीळच बसली!

सासरे विहिरीकडे गेले आणि मोटारीच्या पेटीवरचा काटा बघून आले. "एकशे साठच व्होल्टेज हाय," ते म्हणाले. "सकाळची लाइट आली का समद्यांच्या मोटारी चालू होत्यात. मग रॉड काय तापतो?"

बंब पुन्हा पेटवायचा तर आतली लाकडं ओली. ती कुणी ओली केली, हे बोलून दाखवायची गरज कुणालाच वाटली नाही. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला. शेवटी सागरने उरलेली आंघोळ त्याच पाण्याने केली, माझ्यावरची नजर जराही न हलवता. मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कार्यालयात पोचल्यावर मात्र मला राहवेना. कोपऱ्यात बसून तेच पाकीट काढलं आणि एकशे साठ व्होल्ट घालून गणित पुन्हा केलं. रोध तोच, करंट साडेचार अँपिअरच्या आसपास, शक्ती जेमतेम सातशे तीस वॅट. म्हणजे निम्मीसुद्धा नाही! पाणी तापायला सत्तावन्न मिनिटं. उत्तर इतकं चोख आलं की मी धावत जाऊन बायकोला दाखवलं. स्टेजवर तिचा भाऊ नाक पुसत होता.

तिने पाकीट माझ्या हातात परत दिलं. "हे सकाळी करता आलं नसतं का?"

"कसं करणार?" मी म्हणालो. "सकाळी व्होल्टेज दिलेलं नव्हतं."