शंभरातली एक वाडी

पासलीकडून वेल्ह्याला येणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. पन्नाशीची बाई. गुडघ्यांमध्ये बांबूची एक काठी उभी धरलेली. काठीवर विळ्याने पाडलेल्या खाचा होत्या आणि तिचा अंगठा सारखा सगळ्यात वरच्या खाचेवर फिरत होता.

माझ्या हातातलं दहावीचं गणिताचं पुस्तक बघून ती म्हणाली, "तुमी गुरुजी हाय न्हवं?"

मी हो म्हणताच तिने काठी पुढे केली. तिच्या वाडीच्या वरच्या अंगाला डोंगराला भेग पडली होती. रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी ती भेगेवर काठी आडवी धरायची आणि भेग रुंदावली असली की नवी खाच पाडायची. आता काठी कचेरीत दाखवायला निघाली होती.

"मागं सायेब आलं हुतं. दरड पडायची शक्यता कमी हाय म्हनलं. कमी म्हंजी किती वो?"

धीर द्यायचा म्हणून मी वर्गातल्यासारखं सांगितलं, "समजा, अशा शंभर वाड्या असल्या, तर एखादीवरच पडेल."

ती खिडकीतून डोंगराकडे बघत राहिली.

"व्हय. पर आमची वाडी एकच हाय."

वेल्ह्याला ती काठी छातीशी धरून उतरली.

संभाव्यतेचा धडा मी अजून शिकवतो. फळ्यावर एक छेद शंभर लिहितो, पोरं उतरवून घेतात. पण बाहेर आभाळ भरून आलं असलं की खडू त्या एकावरच अडतो. त्या एकात कोण राहतं, ते मला ठाऊक आहे.