अक्कांचं दार

अक्का पहाटे सडा घालायच्या, उंबऱ्यापुढे तांदळाच्या पिठीचा कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढायच्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "दारानं सांगितलं पाहिजे गो, आंत माणूस हाय!"

तंजावरात ज्या घरी कुणी वारलं, त्या दारी कोलम नसतो, हे तुम्हाला सांगायला हवं. अक्का निवृत्त शिक्षिका, माझ्या समोरच्या घरात एकट्याच राहायच्या. गल्लीत मराठी आम्ही दोघीच. भांडायचो मात्र तमिळमध्ये.

गल्लीत केबल टीव्ही आला त्या वर्षी त्यांचं पोट सारखं फुगायचं. डॉक्टरांनी रक्त काढून तपासणीसाठी मद्रासला पाठवलं. कॅन्सरचा संशय असला की करतात ती तपासणी. आकडा पस्तिसाच्या आत हवा, आला एक्केचाळीस.

डॉक्टर म्हणाले, "थोडंसंच जास्त आहे. साध्या सुजेनंही वाढतं. एवढ्यावरून कॅन्सर म्हणता येत नाही. स्कॅन करू, महिन्यानं रक्त पुन्हा बघू."

दवाखान्यातून परतताना रिक्षात अक्का एकच विचारत होत्या, "थोडंसं म्हणजे काय गो? थोडंसं मरतं काय कोण?"

"अक्का, गप्प बसा!" मी वैतागून म्हटलं.

दुसऱ्या सकाळी त्यांच्या दारी कोलम नव्हता. सडासुद्धा नाही.

मी हाका मारत धावले. शेजारणी जमल्या, कुणी हार आणायला धावलं. दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं, तर आत काळोखात अक्का खुर्चीवर ताठ बसून आमच्याकडेच बघत होत्या. एक बाई किंचाळलीच.

"पाहत होतें," अक्का शांतपणे म्हणाल्या. "एकटी मेलें तर कुणाला कळेल काय म्हणून. कळतं. तूं रडलीस गो?"

"रडले! आणि पुन्हा असला चावटपणा केलात तर बघा!"

त्यांनी मला कॉफी दिली.

स्कॅनमध्ये काही निघालं नाही. दुसऱ्या वेळचा आकडाही पस्तिसाच्या खाली आला. मी देवाला नारळ फोडला. अक्का एवढंच म्हणाल्या, "असों दे. आतां दाराचा भरंवसा हाय."

काही वर्षांनी, मार्गळी महिन्यातली धुक्याची सकाळ. अक्कांच्या दारी मोठा कोलम, मधोमध भोपळ्याचं पिवळं फूल. "अक्का, येते!" ओरडून मी ऑफिसला गेले.

संध्याकाळी आले तर अर्धी पिठी मुंग्यांनी नेली होती. दार लोटलेलं होतं. आत त्याच खुर्चीवर अक्का, तोंड दाराकडे, अंग गार. बोटांना पिठी तशीच होती.

दिवसभर अख्खी गल्ली तिथून गेली. दार सगळ्यांना सांगत होतं, आत माणूस आहे.